जमाल होडेकरचं मशीन आणि सहा अधिकारी

करंजबंदरच्या जमाल होडेकरच्या पडवीतून त्याच्या होडीचं मशीन चोरीला गेलं, ही बातमी गावाला सकाळच्या चहाच्या आत कळली आणि ते कुणी नेलं हे दुपारच्या जेवणाच्या आत. पोलिसांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्यांना अजून कुणी रीतसर कळवलं नव्हतं. आणि रीतसर कळवल्याखेरीज काहीही ठाऊक करून घ्यायचं नाही, हा त्या खात्याचा जुना शिरस्ता आहे.

जमाल हा बोलण्याच्या बाबतीत भारी कंजूष माणूस. उमेदीची वर्षं कुवेतला खलाशी म्हणून काढली. परत आल्यावर एक फायबरची होडी घेतली, तिच्या पाठीला बसवायचं लाल मशीन घेतलं आणि खाडीच्या तोंडाशी जाळं टाकून जे मिळेल ते घरी आणू लागला. त्याच्या वाटचं बोलणं त्याची बायको झुबेदा बोलायची. मासळी विकायचीही तीच. त्या घरात शब्दांची कमतरता कधी पडली नाही आणि भांडणही कधी झालं नाही, कारण भांडायला दोघं लागतात.

मशीनचा ठावठिकाणा शेजारच्या काशीनं आणला. ती धक्क्यावर सुकट वाळत घालायला गेली होती, तिथून टोपली तशीच टाकून धावत आली.

"झुबेदा गो, तुजं मशीन दादूच्या होडीवर हाय! हिरवा रंग मारलान नुसता!"

"तू बघितलंस?"

"ह्या डोळ्यांनी! वेल्डिंगचा तो फुगोटा तसाच हाय. रंग अजून ओला हाय गो, माज्या बोटाला लागला."

आणि तिनं बोट दाखवलं. बोट हिरवं होतं.

तो फुगवटा गावाला ओळखीचा होता. मागच्या वर्षी खडकावर आपटून मशीनचा कणा तडकला तेव्हा जमालनं ते मिरजोळ्याला नेऊन एमआयडीसीतल्या वर्कशॉपातून जोडून आणलं होतं. जोडणाऱ्यानं हात सैल सोडल्यामुळे तिथे आवाळूसारखा गोळा आला होता आणि धक्क्यावरची माणसं त्यावरून जमालची महिनाभर थट्टा करत होती. झुबेदा जाऊन बघून आली. गोळा तिथेच होता. होडीत दादू पाय पसरून बसला होता.

"तुमचं कसं असेल, चाची? तुमचं लाल होतं," तो म्हणाला. "हे हिरवं."

हा दादू साधा माणूस नव्हता. तो शांतता समितीचा सदस्य, दक्षता समितीचा उपाध्यक्ष आणि तंटामुक्तीचा कायम निमंत्रित होता. त्यामुळे गावात शांतता, दक्षता किंवा तंटा यांपैकी काहीही व्हायचं झालं तर ते त्याच्याशिवाय होत नसे. सहसा तंटा तो करी आणि शांतता गाव राखी.

झुबेदा तडक पोलीस दूरक्षेत्राकडे निघाली. दूरक्षेत्र म्हणजे मोठ्या ठाण्याचं धाकटं भावंड. कौलं फुटलेली एक खोली, एक बाकडं आणि हवालदार संदेश घाणेकर. पण हवालदार घाणेकर खोलीत नव्हते. ते समोरच्या एसटीच्या शेडमध्ये टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"आत का नाय बसलात?"

"आत पोलीस आहेत," हवालदार म्हणाले.

खोलीकडे बघितल्यावर झुबेदाला खुलासा झाला. दूरक्षेत्राला नवा रंग दिला होता. कौलं शाकारली होती. दारात दोन कुंड्या, वर चकचकीत अक्षरांत 'सदैव आपल्यासाठी', आणि भोवती दिव्यांचे खांब, छत्र्या, वायरी. 'पथक सहा' या लोकप्रिय पोलीस मालिकेचा एक भाग करंजबंदरला चित्रित होत होता आणि त्यासाठी करंजबंदरचं दूरक्षेत्र वरच्या आदेशानं मालिकेच्या ताब्यात देण्यात आलं होतं. खात्याची प्रतिमा उंचावण्यासाठी खात्यानं खोली रिकामी करून द्यावी, असं त्या आदेशात होतं.

"माजं मशीन चोरलंय, घाणेकर. दादूनं. तक्रार घ्या."

"घेतली असती, चाची. पण शिक्का आत टेबलावर आहे."

"मग आणा."

"शिक्का काल कॅमेऱ्यात आलाय. आता शेवटपर्यंत तो तिथेच दिसायला हवा. उचलला तर मागचा सीन पुढच्याला जुळत नाही." हवालदारांनी आवाज खाली आणला. "मी काल बिडी ओढायला काडेपेटी उचलली तर डायरेक्टर माझ्यावर ओरडले. पोलिसांच्या कामात ढवळाढवळ करू नका म्हणाले."

"आणि तोवर चोऱ्या झाल्या तर?"

"तातडीच्या नसतील तर पुढे ढकलाव्यात, असं तोंडी आहे."

झुबेदानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि सरळ आत शिरली.

आत थंडगार होतं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, टेबलांवर संगणक होते, कोठडीच्या गजांना पॉलिश होतं. मधोमध निरीक्षक रणधुरंधर बसले होते आणि त्यांच्याभोवती त्यांचे पाच सहकारी. या पथकात प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं होतं. निरीक्षक विचार करायचे, आणि विचार करण्यापूर्वी गॉगल काढायचे. दुसरा पळायचा. तिसरी संगणकावर बोटं आपटायची. चौथा चिडायचा. पाचव्याच्या आयुष्यात पूर्वी काहीतरी घडलेलं होतं, त्यामुळे तो खिडकीतून बाहेर बघायचा. आणि सहावा, "म्हणजे सर, याचा अर्थ…" एवढं म्हणून थांबायचा.

"बसा, चाची," निरीक्षक म्हणाले. "पाणी घ्या. काय झालं?"

झुबेदा उभीच राहिली. गणवेशातल्या माणसानं तिला बसा म्हणण्याची ही जन्मातली पहिली वेळ होती. मग ती बसली, पाणी प्यायली आणि तिला एकदम रडू फुटलं. जमालनं परदेशात ओढलेल्या वर्षांपासून मिरजोळ्याच्या वेल्डिंगपर्यंत सगळं तिनं सांगितलं. मशीन नाही तर होडी नुसतं भांडं आहे आणि होडी नाही तर चुलीवर काय ठेवायचं, हेही सांगितलं. निरीक्षकांनी गॉगल काढला. चौथ्यानं टेबलावर मूठ आपटली. पाचव्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चाची," निरीक्षक म्हणाले, "जोवर हे पथक आहे, तोवर तुमच्यावर अन्याय होणार नाही."

"म्हणजे सर, याचा अर्थ…" सहावा म्हणाला.

"कट!" कोपऱ्यातून आवाज आला, आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या.

झुबेदाला वाटलं टाळ्या न्यायाला आहेत. ती घरी गेली आणि जमालला म्हणाली, "सहा अधिकारी लागलेत कामाला. सहा!" जमालनं मान हलवली. तो दारात बसून रिकामं जाळं विणत होता. जाळं काही फाटलेलं नव्हतं, पण हाताला दुसरं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालिकेची लेखिका मनस्वी घरी आली. मुलगी गोड होती, ओटीवर मांडी घालून बसली, तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण मागून घेऊन जेवली.

"चाची, तुमची गोष्ट आम्ही घेतलीय. खरेपणा आहे त्यात. फक्त एक अडचण आहे. तुम्ही चोराचं नाव सुरुवातीलाच सांगून टाकता."

"मग? कधी सांगू?"

"दादूनं चोरलं, मशीन दादूकडे आहे, गावाला माहीत आहे. चार मिनिटांत भाग संपतो. जाहिराती कुठे टाकायच्या? शिवाय आमचे सहा कलाकार. प्रत्येकाला निदान एकेक संशयित द्यावा लागतो, नाहीतर ते रुसतात."

"पण चोर तर एकच हाय."

"पहिला संशयित कधीच चोर नसतो, चाची," मनस्वीनं समजूत घातली. "प्रेक्षकांना ते आवडत नाही. त्यांना फसवल्यासारखं वाटतं."

झुबेदाला हे काही उमगलं नाही, पण शिकलेली मुलगी सांगते म्हणजे पोलिसी कामाची काही रीत असेल असं तिनं धरलं. भाकरीवर आणखी एक भाकरी वाढली.

गोष्टीला पुढचं वळण लागलं ते होडीमुळे. खाडीत पाठलाग दाखवायचा होता. पाठलागाला होडी हवी, होडीला मशीन हवं. अख्ख्या बंदरात त्या वेळी ताज्या रंगाचं, कॅमेऱ्याला उठून दिसणारं एकच मशीन होतं. दादूनं आपली होडी मालिकेला दिली. मग त्यानं माणसं दिली, जेवण दिलं, गर्दी आवरायला दोरखंड दिला. चौथ्या दिवशी मालिकेवाल्यांचं त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. पाचव्या दिवशी त्याला भूमिका मिळाली: पोलिसांना जिवावर उदार होऊन मदत करणारा गावातला प्रामाणिक तरुण. दादू चाळिशी ओलांडलेला होता, पण मेकअपवाला हुशार होता.

झुबेदा रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची. समोरून तिचं मशीन फटफटत जायचं, वर सहा अधिकारी वारा खात उभे असायचे आणि चोराच्या शोधात खाडीभर फिरायचे. एकदा न राहवून ती ओरडली, "अहो साहेब, तुमी त्याच्यावरच बसलायसा!"

निरीक्षकांनी लांबून हात हलवला. त्यांना वाटलं चाची कौतुक करते आहे.

महिन्याभरानं भाग दाखवला. करंजबंदरनं त्या संध्याकाळी मासळीही लवकर उरकली. टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण सगळे जमालच्या घरी जमले, कारण गोष्ट त्याची होती. काशी पुढ्यातच बसली. झुबेदानं सगळ्यांना चहा केला. सुरुवातीला पाटी आली, 'सत्य घटनेवर आधारित'. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नावं बदलली होती. करंजबंदरचं पारिंगबंदर झालं होतं. जमालचं कमाल झालं होतं.

हा कमाल पडद्यावर आला तेव्हा मागून वाळवंटात वाजावं तसं काहीतरी वाजलं. त्याच्या डोळ्यांत सुरमा होता, गळ्यात चौकड्यांचा रुमाल होता आणि तो दर वाक्यानंतर डोळे बारीक करून हसत होता. खरा जमाल त्या वेळी विटका टी-शर्ट घालून पाहुण्यांना बशा वाटत होता. त्यानं उभ्या आयुष्यात सुरमा घातला नव्हता. वाऱ्यात डोळे चुरचुरतात म्हणून.

एकेका अधिकाऱ्यानं एकेक संशयित तपासला आणि सोडून दिला. पाठलाग झाला. प्रामाणिक तरुण पाण्यात पडला, लोक हळहळले. तो वर आला, लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि शेवटच्या जाहिरातीनंतर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून निरीक्षकांनी गॉगल काढला.

"मशीन चोरीला गेलंच नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे सर, याचा अर्थ…"

"फिर्यादीच आरोपी आहे. कमालनं स्वतःचं मशीन स्वतः लपवलं. विम्यासाठी."

पडद्यावर कमाल ढसढसा रडत कबुली देत होता. जमालनं बशा खाली ठेवल्या.

"ते बघ," तो हळूच झुबेदाला म्हणाला. "साहेबाच्या मागे. आपलं मशीन."

खरंच होतं. निरीक्षक न्यायावर बोलत होते आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे, स्वच्छ उजेडात, वेल्डिंगच्या गोळ्यासकट हिरवं मशीन दिसत होतं. पण तिकडे घरातल्या दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे कमालचा चेहरा बघत होते. शेवटी पाटी आली, 'सर्व पात्रे व घटना काल्पनिक'. सुरुवातीला सत्य, शेवटी कल्पना, आणि मध्ये साबण. यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटलं नाही.

माणसं चपला शोधत गुपचूप निघाली. काशी मागे रेंगाळली.

"जमालभाय असं करतील असं वाटलं नव्हतं गो," ती म्हणाली.

झुबेदाला क्षणभर ऐकू आलं ते समजलंच नाही. "काशे! तूच बघितलंस ना मशीन? तुज्या बोटाला रंग लागला होता!"

"लागला होता खरा," काशी अवघडून म्हणाली. "पण मी लांबून बघितलं गो. त्यांनी किती जवळून दाखवलं."

"आमचा विमाच नाय!"

"ते तुला काय म्हायत? पुरुषमाणसं बायकांना सगळं सांगतात काय?" आणि ती कळवळून झुबेदाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुजा काय दोष गो त्यात."

त्या हाताची आग झुबेदाच्या पाठीत कितीतरी वेळ राहिली. दादूनं मशीन नेलं तेव्हा तिला संताप आला होता. आज प्रथमच भीती वाटली.

भीती खोटी नव्हती. आठवडाभरात हवालदार घाणेकर दारात उभे राहिले. दूरक्षेत्र त्यांना परत मिळालं होतं, पण संगणक कागदी पुठ्ठ्याचे निघाले होते आणि पहिल्याच वाऱ्यात कौलं पुन्हा सरकली होती.

"जमालभाय, चौकशीला यावं लागेल."

"कुठल्या चौकशीला?" झुबेदा पुढे झाली. "आमची तक्रार घेतलीच कुठे तुमी?"

"तक्रार नाहीच आहे. वरून फोन आलाय. साहेबांच्या घरी सगळ्यांनी भाग बघितला. टीव्हीच्या पोलिसांनी आरोपी शोधला, मग आपला अजून मोकळा कसा, म्हणून विचारतायत."

"घाणेकर, तुमच्या आईची शपथ घेऊन सांगा. मशीन कुठं हाय ते तुमाला ठाऊक नाय?"

हवालदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढली आणि ओटीवर टेकले. "ठाऊक आहे, चाची. दादूच्या होडीवर आहे. रोज बघतो. पण ते मी बघितलं. हे सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. मी एकटा महाराष्ट्राच्या विरुद्ध काय लिहू? नाही म्हटलं तर मला मंडणगडला टाकतील. मुलीची बारावी आहे."

चौकशी सविस्तर झाली. हवालदारांनी जमालला विचारलं की विमा कुठे काढला. जमाल म्हणाला, काढला नाही. हवालदारांनी लिहिलं, 'विम्याबाबत माहिती देण्यास टाळाटाळ.' मशीन कुठे लपवलं? लपवलं नाही. 'उडवाउडवीची उत्तरे.' मग बराच वेळ जमाल काहीच बोलला नाही, तर लिहिलं, 'आरोपी सराईत असावा.' शेवटी हवालदार काकुळतीला येऊन म्हणाले, "जमालभाय, तो टीव्हीतला कसा शेवटी रडला, तसं थोडं तरी…"

"मला तसं येत नाय," जमाल म्हणाला.

त्याला संध्याकाळी सोडून दिलं, पण गावानं मात्र सोडलं नाही. धक्क्यावर त्याच्याशेजारी होडी ओढणारे आता जरा पलीकडून ओढू लागले. मशिदीच्या पायरीवर सलाम तेवढा व्हायचा, पण पुढची विचारपूस व्हायची नाही. शाळेतली पोरं त्याला बघून डोळे बारीक करून हसायची आणि एकमेकांना म्हणायची, "म्हणजे सर, याचा अर्थ…" झुबेदानं दोघा पोरांना टोपली फेकून मारली. दादूचा मात्र दक्षता समितीनं नारळ देऊन सत्कार केला. सत्काराच्या भाषणात तो म्हणाला की आपण भूमिका केली नाही, आपण जसे आहोत तसेच दिसलो.

एका शुक्रवारी जमाल नमाज पढून घरी आला, जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "चल."

"कुठं?"

"मशीन आणायला."

झुबेदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्यानं आपण होऊन काही ठरवलेलं तिला आठवत नव्हतं.

"लोक बघतील. काय म्हणतील?"

"चोर म्हणतील. म्हणतायतच की." तो खुंटीवरचा बांबू काढत म्हणाला. "मग निदान मशीन तरी घरात असूदे."

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना दोघं नवरा-बायको धक्क्यावर गेली. पंधरावीस माणसं जाळी सोडवत बसली होती. जमालनं दादूच्या होडीत उतरून मशीनचे दोन्ही मळसूत्री खिळे सैल केले, मशीन उचललं, दोरानं बांबूला बांधलं. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर आणि मागचं झुबेदाच्या. ओझं जड होतं, ती दोनदा थांबली, पण तिला गेल्या कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. वाटेत कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. दादू मचाणावर बसून मोबाईलवर चित्रण करत होता.

मशीन पडवीत ठेवून झुबेदा पाण्याचा तांब्या आणते न आणते तोच पोलिसांची गाडी दारात आली. मोठ्या ठाण्याची. करंजबंदरला गाडी इतक्या लवकर पोहोचू शकते हे गावाला त्या दिवशी प्रथम कळलं. हवालदार घाणेकर सर्वांत शेवटी उतरले आणि जमिनीकडे बघत राहिले.

मशीन जमालच्या पडवीत मिळालं. ते दादूच्या होडीवरून काढताना पंधरावीस साक्षीदारांनी बघितलं. चित्रणही आहे. आणि मुळात ते दादूचं, हे कशावरून? तर मालिकेच्या भागात ते आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्याच होडीवर दिसतं. एवढा निर्विवाद पुरावा त्या ठाण्याच्या हाती पूर्वी कधी लागला नव्हता.

"घाणेकर," झुबेदा जमालला घेऊन निघालेल्या जाळीच्या गाडीमागे धावत म्हणाली, "ज्यानं पहिलं चोरलं त्याचं काय?"

"ते बघणारं कुणी पुढे येत नाही, चाची."

काशी आपल्या दारात उभी होती. झुबेदानं तिच्याकडे बघितलं. काशी आत गेली आणि चुलीवरचं काहीतरी हलवू लागली. तिची चूल त्या वेळी पेटलेलीही नव्हती.

मनस्वीचा फोन आला. तिचा आवाज भरून आला होता. "चाची, आम्ही लिहिलेलं खरं ठरलं! ठरवून असं होत नाही हो. आम्ही दुसरा भाग करतोय. तुम्ही स्वतः काम कराल का त्यात?"

झुबेदानं उत्तर दिलं. ते इथे छापता येण्यासारखं नाही, पण जमालच्या वाटचंही त्यात आलं होतं.

न्यायालयानं जमालला जामीन दिला. स्थानिक जामीनदार हवा, नावावर जमीन किंवा घर असलेला, एवढीच अट. झुबेदा गावभर फिरली. करंजबंदरात जमिनी सगळ्यांच्या होत्या आणि स्वतःची कुणाचीच नव्हती. कुणाच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईत आणि तिघं कबरीत. कुणाचं घर चुलत्याच्या नावे, चुलता दुबईत. ज्याचं एकट्याचं होतं तो म्हणाला, "दादूच्या विरोधात जाऊन मला रोज धक्क्यावर उतरायचंय, भाबी." हवालदार घाणेकरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना फार वाईट वाटतं. तेही तसेच परत गेले.

जमाल आतच राहिला. झुबेदा दुसऱ्यांच्या होडीवरची मासळी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात बसू लागली, म्हणजे येता-जाता तिथल्या तुरुंगात भेटीला सोपं पडे. भेटीत तो विचारायचा, "होडीत पाणी साचलंय का बघ." एवढंच. ती घरी येऊन होडीतलं पाणी काढायची.

बाजारात तिची जुनी गिऱ्हाईकं होती. त्यातल्या राजश्रीबाई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वाचनाची आवड, बोलणं मऊ, शहरात स्वतःच्या नावावर टुमदार घर. त्यांनी एक दिवस बांगडे निवडता निवडता चष्म्यावरून बघितलं.

"तो करंजबंदरचा भाग, तो तुझा नवरा का गं? मी ह्यांना दुसऱ्याच ब्रेकला म्हटलं होतं, हाच असणार."

झुबेदानं सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कुणाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण बाईंनी हातातला बांगडा तसाच धरून ऐकायला सुरुवात केली आणि तिचं तोंड थांबेना. काशीचं हिरवं बोट सांगितलं. साहेबाच्या खांद्यामागचं मशीन सांगितलं. होडीतलं पाणी सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.

"किती भयंकर आहे हे," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही बघत बसलो. हे कुणीतरी लिहायला हवं गं. लोकांनी वाचायला हवं."

"लिहून काय करू, बाई?" झुबेदा म्हणाली. "तुमी जामीन राहा. तुमच्या नावावर घर हाय. एक दिवस कोर्टात यायचं, सही करायची. माणूस घरी येईल माजा."

हातातला बांगडा त्यांनी परत पाटीत ठेवला.

"मी?" त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही गं. पण मुलगा पुण्याला असतो, त्याला विचारायला हवं. आणि आमचा तसा संबंध काय, असं विचारतील ना कुणी?" मग आवाजात पुन्हा सगळा मऊपणा आणून त्या म्हणाल्या, "पण लिहायला हवं मात्र हे कुणीतरी. नक्की."

त्यांच्या म्हणण्याला मान देऊन ही हकीगत लिहून काढली आहे. वाचणारे हवे होते, तेही मिळाले; आपण इथवर आलातच, मधूनमधून हसलातही असाल. जामीनदाराची जागा रिकामी आहे. कोर्ट अकरा वाजता उघडतं.